कूलरसमोरची एकटी खरखरीत

अरे थांब, पाणी नंतर पी, आधी ऐक! आत्ता दहा मिनिटांपूर्वी मी या हॉस्पिटलच्या अध्यक्षांना पडताना वाचवलं. आणि तेव्हापासून डोक्याला हात लावून बसलेय. म्हणजे, हात असते तर लावला असता.

मी फरशी बोलतेय. खाली बघ ना! सगळ्या पांढऱ्या, चकाचक फरश्यांमध्ये एकच करडी आणि खरखरीत दिसतेय? तीच मी.

भट्टीत भाजून निघाले तेव्हा माझ्या तोंडावर मुद्दाम बारीक कण पसरले होते. का? तर ओला पाय पडला तरी घसरू नये. मग नमुना म्हणून इंटिरियरवाल्या ताईंच्या पेटीत गेले, आणि तिथून थेट या हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये. विषय काय, तर फिजिओथेरपी विभागाला कोणती फरशी लावायची. म्हणजे जिथे माणसं नव्याने चालायला शिकतात, तिथे!

आता माणसांची गंमत बघ. फरशी पायासाठी असते, पण निवडतात हाताने. एसीत बसून, टेबलावर ठेवून. मला सगळ्यांनी कुरवाळलं, एकाने तर चहाचा कप ठेवला. शेजारी दुसरा नमुना, ती चकचकीत बया. अध्यक्षांनी तिच्यात स्वतःचा भांग नीट केला आणि संपला विषय!

ताई पुटपुटल्या, "सर, ओल्यात ही जरा..."

"ताई, फोटो कसला येईल बघा!"

"हो, फोटो छानच येईल सर," ताई म्हणाल्या. कणा होता, पण तो बहुतेक दुसऱ्या पेटीत राहिला होता.

कप उचलायला आलेल्या सफाईवाल्या मावशी मात्र बोलल्या. "साहेब, दोन्ही खाली ठेवा, पाणी ओता आणि चालून बघा की. फरशी काय तोंड बघायला घेतात?"

सगळे हसले. अध्यक्ष सगळ्यात जोरात.

झालं! विभागभर बया पसरली. पहिल्याच आठवड्यात वॉकरवाले आजोबा इथे, पाण्याच्या कूलरसमोर आपटले. गुडघा दुखतो म्हणून आले होते, मनगट मोडून घेऊन गेले. त्यांच्या वॉकरने बयेचाही टवका उडाला. जादा फरश्या मागवल्याच नव्हत्या, मग मावशींनी मला अडगळीतून काढलं, गवंड्याच्या मागे लागून इथे बसवून घेतलं. आणि बाकी सगळीकडे त्यांनी रबरी मॅट अंथरल्या. एवढी मिरवणारी बया, आणि कायम झाकलेली! मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

मॅट आल्यापासून कुणी पडलं नाही. आजोबाही परत आले. रोज दारापासून माझ्यापर्यंत येतात, माझ्यावर दोन्ही पाय टेकवतात आणि म्हणतात, "पोचलो बाई."

आज अध्यक्षांची पाहणी होती, फोटोवाल्यासकट. मग काय, मॅट गुंडाळल्या! मावशींनी निक्षून सांगितलं, "साहेब, आत्ताच पुसलंय, ओलं आहे."

"अहो मावशी, मला काय होतंय!" म्हणत अध्यक्ष तरातरा निघाले. कूलरपाशी त्यांचा डावा पाय सटकला, हात हवेत, फोटोवाल्याचा आ वासलेला... आणि उजवा पाय नेमका माझ्यावर! मी अशी घट्ट धरली ना ती चप्पल! सवयच ना. माणूस जागच्या जागी उभा.

खाली बघितलं त्यांनी? छे! कोट झटकला आणि म्हणाले, "बघितलंत? ओल्यात चाललो, पडलो का? उगाच फरशीला नावं ठेवतात. त्या घाणेरड्या मॅट आजच्या आज फेकून द्या!"

मावशी म्हणाल्या, "अहो साहेब, तुम्ही उभे आहात ती फरशी..."

"पुरे मावशी!"

मॅट गेल्या. मावशी दाराशी उभ्या आहेत, हातात कोरडं फडकं, एकट्या किती पुसणार? पाच वाजता आजोबा येतील. दारापासून माझ्यापर्यंत अठरा पावलं, सगळी बयेवरून. मी इथे चिकटलेली, एक फुटाची.

मी नुसता पाय सोडला असता ना, तर मॅट राहिल्या असत्या. पण पडणाऱ्याला धरायचं, एवढंच मला शिकवलंय रे. खरं सांग, तू माझ्या जागी असतास तर धरलं असतंस का त्यांना?