अंडं पडेपर्यंत वेस बंद

वेशीत रस्त्याच्या मधोमध पाट मांडला होता. पाटावर एक अंडं उभं होतं, टोक वर करून, कशाचाही आधार न घेता, आणि त्याच्यापुढं अख्खी वाडी हात जोडून बसली होती. शुक्रवारी घरात अंडं येऊ न देणाऱ्या बायका सगळ्यांत पुढं होत्या.

"बघा! हाय का कुनाचा हात?" सिद्धनाथ महाराज पाटाभोवती फिरत होता. "आज दिवस-रात सारखी. आज ती येती! बर्फाच्या मुलखातली देवी, फ्रेया! रथाला मांजरं जुपलेली. म्हून तर मांजर आडवं गेलं की आपुन थांबतो. शुक्रवार तिचा, अंडं तिचं, आजच उभं ऱ्हातं. अंडं उभं हाय तवर देवी वेशीत हाय. जो वलांडंल, त्याचं पोटचं जाईल!"

हा महाराज परवापरवापर्यंत पालीला, राजगडाच्या पायथ्याशी, तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांना भाजी रांधायचा. परदेशी पाहुण्यांच्या गप्पांतून त्यानं देवी उचलली आणि आमची मांजरं तिच्या रथाला जुंपली. संध्याकाळी शहरातून बस भरून माणसं येणार होती. त्यांना दाखवायला गर्दी हवी होती. मी साधना, वाडीच्या शाळेत शिकवते. एरवी हसून सोडून दिलं असतं. पण वेशीच्या आत, दत्ताच्या जीपमध्ये रत्ना कण्हत होती.

रत्नाला आठवा महिना. दुपारी पाणमोट फुटली होती. दवाखाना वेल्ह्याला, वाडीत मोबाईलला रेंज नाही, गाडी ही एकच. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. आणि गाडीची किल्ली दत्ताकडून हिसकावून घेतलेली, रत्नाच्या सासूच्या, सारजाबाईंच्या मुठीत.

"सारजाबाई, किल्ली द्या."

"अंडं पडू द्या, बाई. मग लगीच."

"तोवर रत्नाचं काय?"

"पयल्या येळंला गिऱ्हाणात तिनं भाजी चिरली, म्या आडवलं न्हाई. पोर मेलेलं आलं. आता दुसरं न्हाई घालवायचं मला." त्यांनी मूठ पदराखाली घेतली. मला त्या बाईचा राग येत होता आणि कीवही.

मी सांगून पाहिलं. फ्रेया उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधली, मांजरांचा रथही तिथलाच. पण अंडं उभं राहण्याशी त्या कथांचा काही संबंध नाही. अंडी तर माझ्या वर्गातल्या पोरांनी भर श्रावणात उभी केली होती.

"शाळंतलं शाळंत," मागून कुणीतरी म्हणालं.

मग मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या टोपलीतून एक अंडं घेतलं आणि जमिनीवर बसले. अंडं कलंडलं, पुन्हा कलंडलं, शेवटी उभं राहिलं.

"देवी दुसऱ्या ठिकानीबी उभी ऱ्हायली!" सिद्धनाथ गरजला. बायकांनी माझ्या अंड्याला हळदकुंकू वाहिलं. माझी सगळी हुशारी देवीच्या खात्यात जमा झाली. चूक माझीच होती. आज उभं करून दाखवल्यावर 'आजच उभं राहतं' हे खोटं कसं ठरणार?

रत्ना किंचाळली. दत्ता धावत आला. "काकू, किल्ली द्या! पोरगी गार पडाय लागलीया."

"अंडं खोटं कसं आसंल?" सारजाबाई रडकुंडीला आल्या. "गिऱ्हाणात परातीत मुसळ आपोआप उभं ऱ्हातं. म्या माज्या डोळ्यांनी बघितलंय!"

"आणि ग्रहण नसताना?" मी विचारलं.

"तवा कशाला कोन उभं करंल?"

"म्या केलं व्हतं, आत्याबाई." जीपच्या दाराला धरून रत्ना बोलत होती, एकेका शब्दाला दम घेत. "माघात. मिरच्या कांडताना शेळी पिठात शिरली, तवा मुसळ अंगणात तसंच उभं केलं अन् पळाले. तुमीच वरडला व्हता मला."

"व्हय," सारजाबाई हळूच म्हणाल्या. "पोरांच्या पायावर पडंल म्हून वरडले. म्या यिऊन हालवंस्तवर उभंच व्हतं. तवा गिऱ्हाण कुठं व्हतं?"

त्या उठल्या आणि पाटाकडं निघाल्या. सिद्धनाथ आडवा आला. "हात लावशील तर नातवंड..."

"सर बाजूला!"

त्यांनी अंडं उचललं. गर्दीतून ओरडा उठला. अंड्याच्या बुडाला पांढरे कण चिकटले होते. त्यांनी ते बोटानं पुसून जिभेवर ठेवले.

"मीठ हाय."

एवढीच करामत होती. पाटावर चिमूटभर मीठ टाकायचं, त्यात अंडं टेकवायचं आणि आजूबाजूचं मीठ फुंकून द्यायचं. बुडाखालचे कण कुणाला दिसत नाहीत. धीर धरला तर बिनमिठाचंही उभं राहतं, वर्षातल्या कुठल्याही दिवशी. मुसळाचं बूड तर सपाटच असतं. सिद्धनाथ काय बोलतोय ते ऐकायला कुणी थांबलं नाही. सारजाबाईंनी किल्ली दिली आणि दत्तानं पाट उडवूनच जीप काढली.

दिवस मावळायच्या आत रत्नाला मुलगी झाली. लहानशी, पण रडणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींची खात्री नव्हती. सारजाबाई खाटेशी उभ्या होत्या.

"मंग भाजीचंबी खोटंच की गं," त्या रत्नाला म्हणाल्या. "उगंच तुला बोल लावत ऱ्हायले." रत्नानं तोंड फिरवलं आणि ती पहिल्या बाळासाठी रडली.

तुमच्याकडंही एखादी गोष्ट ठरावीक दिवशीच घडते असं सांगत असतील, तर माझं एवढं ऐका. ज्या दिवशी काही नाही, त्या दिवशी ती एकदा करून बघा. सारजाबाई आता कांडण झालं की मुसळ अंगणात उभंच करून ठेवतात. वाटेनं जाणारी बाई थबकते, घाबरून विचारते, "आज काय हाय वो?"

"काईच न्हाई," सारजाबाई सांगतात, आणि नातीला पायांवर घेऊन तेल लावत बसतात.