एकतीस खोडरबर

डब्यात एकतीस खोडरबर होते. सतरा पांढरे, अकरा दोन रंगांचे आणि तीन इतके झिजलेले की मूळ रंग सांगता येऊ नये. मोठ्या बाईंनी डबा टेबलावर उपडा केला तेव्हा त्यातला एक घरंगळत नव्या बाईंच्या चपलेपाशी येऊन थांबला.

“मुलांकडून काढून घेतलेले हे खोडरबर ज्याचे त्याला परत करा. सोमवारी तपासणी आहे आणि वह्यांत जिकडे तिकडे लाल गोल. गोवर आल्यासारख्या दिसतायत.”

“चूक खोडायची नाही, तिच्याभोवती गोल करायचा, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. चूक दिसली तरच ती कुठे झाली ते कळतं.”

“नियम शाळेचे असतात, वर्गाचे नाही. सगळं नव्या वह्यांत स्वच्छ उतरवून घ्या. आणि त्या चाळणीला सोमवारपासून खालच्या वर्गात बसवा.”

चाळणी हे मुलांनी वर्गातल्या एका मुलीला ठेवलेलं नाव. ती खोडून खोडून कागदाला भोकं पाडायची. पहिल्या सहामाहीत वहीची बावीस पानं तशी झाली, मग तिने लिहिणंच सोडलं. नियम आल्यापासून, म्हणजे सहा आठवडे, ती रोज लिहीत होती.

“ती आत्ता कुठे लिहायला लागलीय.”

“चुकीचंच ना? अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“आड खणावा लागतो, बाई. आपोआप पडलेला पाहिलाय कधी?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. “खणा की. पाणी लागलं तर आणून दाखवा मला.”

नव्या बाई वर्गात शिरल्या तेव्हा त्यांची कानशिलं तापली होती. त्यांनी डबा टेबलावर आदळला.

“घ्या आपापले.”

अडतीस मुलं एकमेकांकडे बघत राहिली. “बाई, मग मेंदूचं काय?” पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

महिन्यापूर्वी त्यांनीच मुलांना मैदानावर नेऊन फाटकापासून नळापर्यंत गवतातून गेलेली पायवाट दाखवली होती. ती कुणी आखली नव्हती, ये-जा करून पडली होती. मेंदूतही असंच होतं, त्या म्हणाल्या होत्या. आधी पाय वाकडा पडतो, पण परत परत गेलं की वाट मळते.

“मेंदूला आज सुट्टी. खोडरबर घ्या आणि बसा खाली.”

फळ्यावर त्यांनी अठ्ठेचाळीस गुणिले सात मांडलं. खडू मोडला. दुसरा घेतला आणि उत्तर लिहिलं: तीनशे चौतीस. मागे नको तितकी शांतता होती. त्यांनी वर पाहिलं, चौतीस तळव्याने पुसले आणि छत्तीस केले.

तिसऱ्या बाकावरून खरखर ऐकू येऊ लागली. चाळणी मान खाली घालून खोडत होती.

“खोडायचं नाही म्हणून सांगितलंय ना!”

पुढच्या बाकावरचा मुलगा दचकला. चाळणीचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही.

“तुम्ही पण खोडलंत.”

नव्या बाईंनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. तो पांढरा झाला होता. तो त्यांनी ओढणीला पुसला नाही. वळल्या, तीनशे छत्तीसच्या खाली पुन्हा तीनशे चौतीस लिहिले आणि लाल खडूने त्याभोवती गोल काढला.

“सात आठे?”

“छप्पन्न!”

“मी चोपन्न धरले. का?”

“तुम्ही रागावला होतात म्हणून,” कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

“हो,” नव्या बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. “अजूनही रागावलेय. वह्या काढा. दहा गणितं.”

तास संपल्यावर चाळणीने वही आणून दिली आणि खोडरबर परत डब्यात टाकला. नव्या बाईंनी ती वही तशीच उचलली, मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि तपासणीच्या नव्या कोऱ्या वह्यांच्या गठ्ठ्यावर उघडी ठेवली.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि पेन्सिलीच्या टोकाने मोजायला सुरुवात केली.

दिलेली गणितं दहा. सोडवलेली दहा. बरोबर तीन. चुकलेल्या सातांभोवती गोल. एका जागी कागद विरलेला, भोक नाही.