रेजिनाने ओळखलेला कोल्हा

सकाळचे ऊन खिडकीतून तिरपे आत आले की माझ्या बायकोच्या हातांभोवती रंगांचे धुके तरंगताना दिसते. पेस्टलला ना पाणी लागते, ना कुंचला. रंगाची ठिसूळ कांडी खरखरीत कागदावर ओढायची आणि बोटाने ती कागदात मुरवायची. वर्षानुवर्षे असे मुरवत गेल्याने रेजिनाच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशनच्या दुकानातले यंत्र तिचा अंगठा ओळखायला कुरकुरते.

आमच्या गास गावात केळीच्या वाड्या संपतात, गोड्या पाण्याचे शेवटचे बावखल, म्हणजे तळे, मागे पडते आणि खाजण सुरू होते. भरतीचे खारे पाणी, तिवरांची हिरवी काळोखी, वाळक्या गवताचा सोनेरी पसारा आणि त्यातून वळणे घेत जाणारा मातीचा बांध. मुंबईतल्या शाळेत चित्रकला शिकवण्याची नोकरी सोडून रेजिना या खाजणाच्या नादी लागली, तेव्हा माझ्या आईने कपाळाला हात लावला होता. पुढे तिची चित्रे मुंबईच्या दालनांत लागली. तिवरांवर राडारोडा टाकणारे ट्रक आले तेव्हा तीच चित्रे काखेत मारून तिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि भराव थांबवला. प्रदर्शनात कुणी विचारले, की इतक्या नाजूक माध्यमात जंगली जनावरे का काढता, तर ती म्हणे, "फुंकर मारली तर उडून जाईल असं आहे ना सगळं, म्हणून."

सर्वांत जास्त तिने काढले ते कोल्हे. एक नर होता, डाव्या कानाचे टोक फाटलेला, गळ्यावर मळक्या चांदण्यासारखा पांढरा पट्टा असलेला. हेमंतातल्या पहाटे तो बांधावर येऊन थांबायचा आणि रेजिना गवतात बसून त्याला कागदावर घ्यायची. त्याला तिने कधी नाव दिले नाही. "नाव ठेवलं की तो आपला होतो," ती म्हणायची, "आणि तो आपला नाहीये."

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, उपवासकाळात, भर दुपारी, शेजारच्या पेद्रूकाकांना त्यांच्याच वाडीत कोल्हा चावला. केळीला पाणी लावून ते वळले आणि जनावर कुठूनसे येऊन त्यांच्या पिंढरीला लोंबकळले. काका इस्पितळात गेले. गावात मात्र वाऱ्याने वणवा पसरावा तशी भीती पसरली. तासाभरात गावच्या क्रुसासमोर माणसे जमली. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात रॉकेलचा डबा. वाळके गवत पेटवायचे, बिळे धुराने भरायची, एकही कोल्हा उरू द्यायचा नाही, असे ठरत होते. गवतात पिल्लांचे बीळ होते, हे मला आणि रेजिनाला ठाऊक होते.

ती गर्दीत शिरली. तिला माझा हात धरायचीही शुद्ध नव्हती. काकांचा मुलगा रॉकी, ज्याने काठीने ते जनावर हाकलले होते, तिच्यासमोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

"रेजिनाबाय, तुजी चित्रं भिंतीवर बरी दिसतात. माजा बाप थय इस्पितलात परलाय."

"मला ठाऊक आहे, रॉकी. मला एवढंच सांग, तू त्याला पाहिलंस? कोणता होता?"

"कोनता म्हंजे? कोल्हा तो कोल्हा!"

मागून कुणी हसले, कुणी शिवी दिली. रेजिना घरी गेली, कागदांची गठडी घेऊन परतली आणि क्रुसाच्या ओट्यावर एकेक चित्र पसरले. वाऱ्याने कागद उडत होते. मी गुडघ्यावर बसून तळव्यांनी ते दाबून धरले. रॉकी रागाने बघत राहिला, मग वाकला. त्याचे बोट एका चित्रावर थांबले. फाटलेला कान. गळ्यावर पांढरा पट्टा.

मी रेजिनाकडे पाहिले. इतकी वर्षे प्रकाश शोधणारा तो चेहरा क्षणात विझला होता.

"हा एकटा आजारी आहे, नाहीतर कोल्हा भर दुपारी माणसावर जात नाही," ती गर्दीला म्हणाली. "वनखात्याची माणसं बोलावते. मी स्वतः त्यांना तो दाखवीन. पण तोवर कुणी काडी लावायची नाही."

"आनि नाय सापडला तं?" रॉकीने विचारले.

"मग तुम्ही तुमचं करा."

संध्याकाळपर्यंत थांबायला गाव तयार झाले. रॉकेलचा डबा मात्र कुणी घरी नेला नाही.

तिसऱ्या प्रहरी वनखात्याची माणसे जाळे घेऊन आली. बांधावर ऊन पांढरे होऊन थरथरत होते; वारा पडला होता, चिखलातल्या खेकड्यांचीसुद्धा सळसळ ऐकू यावी इतके सारे गप्प. रॉकी आमच्या मागे काठी घेऊन उभा होता. कितीतरी वेळाने गवत हलले आणि कोल्हा बाहेर आला. तोंडाला फेस नव्हता, चाल सरळ होती. जाळेवाल्याने हात उचलला. "हाच का, मॅडम?"

"नाही. ही त्याची मादी. जाऊ दे तिला."

रॉकीच्या काठीवरची मूठ आवळली. मादी तिवरांत विरघळून गेली. माझ्या मनात आले, ही चुकली असेल तर? उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला चावा बसला तर हे गाव तिला क्षमा करील का, आणि ती स्वतःला?

मग तो आला. बांधाच्या कडेने भेलकांडत, खालचा जबडा लोंबलेला, लाळेचे धागे छातीवर ओघळलेले. त्याने आमच्या दिशेने मान वळवली, पण त्या डोळ्यांत बघणारे कुणी उरले नव्हते.

"मॅडम? हाच?"

रेजिनाने त्याच्या फाटलेल्या कानाकडे पाहिले.

"हाच," ती म्हणाली.

जाळ्यात धरून त्याला पिंजऱ्यात ठेवले; रात्र होण्याआधी तिथेच त्याने मान टाकली. तपासणीत पिसाळल्याचे निघाले. गावातल्या कुत्र्यांना लशी टोचल्या गेल्या. मादी आणि पिल्ले यांना लागण झाली नसेलच याची खात्री कुणी देईना. मग रेजिना रोज दुर्बीण घेऊन बांधावर जाऊ लागली, आणि कुणी न सांगता रॉकीही तिच्याबरोबर जाऊ लागला, काठीसकट. पिल्ले वाढली, खेळकर झाली, पावसाच्या तोंडाशी पांगली. त्या साऱ्या दिवसांत रेजिनाने कागदाला हात लावला नाही.

इंजेक्शने पूर्ण झाल्यावर पेद्रूकाका आमच्या ओटीवर आले. पायावरचा व्रण दाखवला, चहा घेतला, आणि म्हणाले, "मना वेलेवर इंजेक्शन मिलालं. त्याला कोन देनार होता, पोरी?"

रेजिना तेव्हा प्रथम रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

आता ती पुन्हा चित्रे काढते. बांधावरची ती बारीक पायवाट, जी फक्त त्याच्या चार पायांनी पडली होती, एका पावसात गवताखाली मिटून गेली; नव्याने येणाऱ्याला तिथे काही होते हे सांगूनही पटणार नाही. पण संध्याकाळी रेजिना त्या गवताकडे पाहते आणि तिची नजर मधेच किंचित वळण घेते, तो वळायचा अगदी तिथेच. आणि मला वाटते, गेलेल्याचे चालणे मातीत फार टिकत नाही, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सरकते आणि ते डोळे आहेत तोवर चालत राहते.