बादलीत उतरलेला ताप

सगळी गल्ली जिला आत्या म्हणे, तिच्या डुकरांच्या शेडपुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. महिन्याभरात गल्लीतल्या तीन शेडमधली डुकरं तापाने पटापट मेली होती, आणि ताप ओढून घेणारे बाबा आता तिच्या फाटकात उभे होते. गेल्या आठवड्यात पलीकडच्या शेडमध्ये त्यांनी आजारी डुकरिणीच्या पाठीवरून हात फिरवून तो बादलीत बुडवला, तर स्वच्छ पाणी जांभळं झालं होतं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"रोग उतरला की पाणी रंगतं," बाबा म्हणाले. "विषाणू आमच्या शब्दाबाहेर नाही."

"डुकरीण वाचली का?" गर्दीतून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोग गेला. तिचं आयुष्यच संपलं होतं, त्याला आम्ही काय करणार?"

लोकांनी माना डोलावल्या. आत्यानेही डोलावली. तिची डुकरीण चार दिवसांत विणार होती. बुडत्याला काडीचा आधार.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून साबण काढला. "बाबा, आधी हात धुवा. नखांसकट."

"साबणाने सिद्धी मळते."

"साबणाने मळणारं काही मी अजून पाहिलं नाही," आत्या म्हणाली आणि तिने बाबांचं मनगट धरून स्वतःच नखं घासली. पांढऱ्या फेसातून जांभळे ओघळ वाहू लागले. आत्याचा हात थबकला.

डॉक्टरीणबाईंनी डबीतले दोन काळपट कण चिमटीत घेऊन दुसऱ्या बादलीत बोटं बुडवली. पाणी जांभळं झालं.

"हे जखमा धुवायचं पोटॅशियम परमँगनेट. मी आज एकाही डुकराला हात लावलेला नाही, मग हा कोणाचा ताप?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"रोग मात्र खरा आहे," त्या म्हणाल्या. "तो पाण्यात उतरत नाही, बुटांवर चढतो. आजारी डुकराकडून उठून बाबा थेट पुढच्या शेडमध्ये गेले. डुकरं कोणत्या क्रमाने मेली, आठवून बघा."

लोक बोटांवर मोजू लागले. बाबा ज्या क्रमाने फिरले, त्याच क्रमाने शेड रिकाम्या झाल्या होत्या.

"मग औषध काय?" आत्याने विचारलं.

"औषध नाही, अडवणं आहे. फाटक बंद. बूट जंतुनाशकात बुडवल्याशिवाय कोणी आत नाही. खरकटं उकळूनच घालायचं. डुक्कर आजारी दिसलं की ते वेगळं बांधा, विकू नका, मला कळवा. मेलेलं खोल पुरा."

आत्याने आधी बाबांचे बूट काढून जंतुनाशकाच्या घमेल्यात टाकले. बाबा अनवाणीच सटकले. पुढचा महिनाभर तिने सख्ख्या भावालाही फाटकाबाहेरच चहा दिला. डुकरिणीला नऊ पिल्लं झाली आणि तिच्या, म्हणजे गल्लीतल्या चौथ्या शेडमध्ये ताप शिरला नाही.

पाहिलेलं सगळ्यांनीच पाहिलं होतं. ते कसं घडलं, एवढं मात्र एकीनेच विचारलं. तसं विचारायला सिद्धी लागत नाही. चमत्कार दिसला की आपणही विचारावं.