न लागलेल्या नोकरीचा सत्कार

मला एक सांगा, स्वतःचा सत्कार रद्द कसा करायचा असतो? दुसऱ्याचा असला तर माणूस पोट दुखतंय म्हणून घरी बसू शकतो. स्वतःच्या सत्काराला तशी सोय नाही. फ्लेक्सवर तुमचाच फोटो असतो, तोही हातभर मोठा.

पुण्याहून निघाले तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली तेव्हा पप्पांचा फोन आला, "आमू, कितीला पोचतीस?" केजला परत फोन. अंबाजोगाईला परत. म्हटलं, आज एवढी माया कशी काय उतू चाललीय? परळीत उतरून रिक्षा केली, आमच्या नगराच्या कोपऱ्यावर आले आणि वर बघितलं तर मीच. थर्मल वीज केंद्राच्या राखेनं जरा करडी झालेली, पण मीच. खाली ठळक अक्षरात, 'कु. आम्रपाली शहादेव सरवदे हिची पुणे येथील नामांकित कंपनीत इंजिनिअर पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि शुभेच्छुक म्हणून निम्म्या नगराचे फोटो.

"ताई, तुमीच का ह्या?" रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं. "मग पेढे कुठं हायेत?"

कसली निवड? कुठला इंजिनिअर? मी अजून इकडच्याच कॉलेजात थर्ड इयर सिव्हिलला आहे. कॉलेजनं एक सेमिस्टर इंटर्नशिपला दिलं होतं. दिवसा पुण्यातल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात काम शिकायचं, संध्याकाळी रूमवर ऑनलाइन लेक्चर करायची. सेमिस्टर संपलं, रिसेप्शनवर ओळखपत्र जमा केलं, दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. विषय संपला. निघताना सर म्हणाले होते, "छान काम केलंस, संपर्कात राहू." याचा अर्थ हो की नाही, हे मला अख्ख्या प्रवासात ठरवता आलं नव्हतं. आमच्या परळीत नाही म्हणायचं असलं की लोक सरळ नाही म्हणतात, वरून दोन शिव्याही देतात. माणसाला कळतं तरी.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी सुरू झाले. "पप्पा, हे काय करून ठिवलंय?"

पप्पा थर्मलमध्ये ऑपरेटर आहेत. ड्यूटीवरून येऊन बनियनवर बसले होते, चेहरा नुसता फुलून आलेला. "कसं दिसतंय? प्रवीणनं बनवलं." प्रवीणदादा म्हणजे आमच्या बुद्धविहाराच्या कमिटीचा अध्यक्ष. नगरात कुणाचं काही चांगलं झालं की पहिला फ्लेक्स त्याचा.

"पण मला नोकरी लागलेलीच न्हाई!"

"गळ्यात कार्ड हुतं का न्हाई? स्टेटसला तूच ठिवलं हुतंस."

आता घ्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं थर्मलच्या गेटचा पास ज्याच्या गळ्यात, तो कामाला लागला. ज्याच्या गळ्यात नाही, तो गेटबाहेर चहा पीत बसतो. पप्पांची सगळी हयात त्या गेटातून आत-बाहेर करण्यात गेली. त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड पाहिलं आणि पोरगी आत गेली असं धरून चालले.

"पप्पा, ती इंटर्नशिप हुती. शिकायला ठेवतात."

"काम केलं का न्हाई?"

"केलं."

"सकाळी जाऊन सांजच्याला येत हुतीस का न्हाई?"

"येत हुते."

"मग? नोकरीला काय शिंगं असत्यात?"

खरं सांगते, क्षणभर मलाच वाटलं, असेल बाई लागलेली, मलाच कळलं नसेल.

मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. तिला सगळं कळलं होतं, तिच्या तोंडावरच दिसत होतं. "आमू, आता गप ऱ्हा," ती हळूच म्हणाली. "समाधानभाऊजी पोरीला पुण्याला धाडायला तयार झालेत."

समाधानकाका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. राखेचा टँकर चालवतात. संस्कृती त्यांची एकुलती एक. बारावीला असले मार्क पाडलेत पोरीनं, की पुण्याच्या कॉलेजला नंबर लागला. पण काकांचं एकच, "कावून जायचं तिकडं? इथं काय कॉलेजं कमी हायेत?" आईनं सांगून पाहिलं, मी फोनवरून भांडून पाहिलं, काका ढिम्म हलले नव्हते. आणि परवा फ्लेक्स लागला. काकांनी टँकर बाजूला घेऊन तो वाचला, घरी गेले आणि म्हणाले, "आमूचं झालं तर हिचं बी हुईल. घे म्हणावं ॲडमिशन." मंगळवारी शेवटची तारीख. माझा सत्कार उद्या, रविवारी.

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"तू कायच बोलू नको. शाल घे अन् खाली बस."

मी पार भंजाळून गेले. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं असतं का? खरं सांगितलं तर संस्कृतीचं पुणं तिथल्या तिथं बुडालं. नाही सांगितलं, तर उद्या ती शिकून रिकाम्या हातानं परत आली की काका तिला धारेवर धरणार, आमूला एका सेमिस्टरात लागली, तुला का नाही? तेवढ्यात संस्कृती स्वतःच नवी बॅग पाठीला लावून दारात हजर. "ताई, मला बी तुझ्यासारखं कार्ड भेटल ना गं?" मी म्हटलं, भेटल. आणि स्वतःचाच असा राग आला म्हणता!

रविवारी सकाळी विहार गच्च भरलं. आधी वंदना. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून म्हणतेय, तोंडपाठ आहे. पण चौथ्या शीलाला, 'मुसावादा वेरमणी'ला, मी अडले. खोटं बोलणार नाही, असं सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून, हात जोडून म्हणायचं, आणि लगेच उठून त्या शालीखाली उभं राहायचं? मी ती ओळ गिळली. शेजारी संस्कृती मात्र मोठ्यानं म्हणत होती.

प्रवीणदादानं भाषण ठोकलं. पप्पांच्याच हातून शाल, गुलाबाचं फूल आणि संविधानाची प्रत दिली. मग माइक माझ्या हातात दिला. आईनं डोळ्यांनीच दटावलं.

"मला नोकरी लागलेली न्हाई," मी म्हणाले.

टाळ्या! अहो, खरंच टाळ्या पडल्या. दगडाबाई आज्जी पुढच्याच रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, "बघा, पोरीला गर्व म्हणून न्हाई!"

"आज्जी, खरंच न्हाई. मी शिकायला गेलते. कार्ड बी परत घेतलं त्यांनी."

"एवढी मोठी झाली तरी पाय जमिनीवर हायेत," प्रवीणदादानं दुसऱ्या माइकवरून सांगितलं. अजून टाळ्या. मी रडकुंडीला आले. खोटं पटकन पटतं आणि खरं सांगितलं तर विनय, असलं कसलं हे जग?

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. समाधानकाका. ते उठून उभे राहिले तशा टाळ्या थांबल्या.

"आमू, खरं सांग. लागली का न्हाई?"

"न्हाई काका."

पप्पांनी मान खाली घातली. आईनं पदर तोंडाला लावला.

"मग एवढ्या लांब जाऊन तुला काय भेटलं? मी माझी पोर कशाच्या भरवशावर धाडू?"

माइक हातात, अंगावर शाल, आणि डोक्यात नुसता काला. मग जे तोंडात आलं ते बोलले. "काका, सुरुवातीला मला तिथं कायच कळायचं न्हाई. मी आपली 'हो सर, हो सर' करून मान हलवायचे. एका सोसायटीच्या ड्रेनेजचं ड्रॉइंग दिलं, तर मी पाइपाला उतारच उलटा दिला. सर म्हणाले, कळलं नव्हतं तर विचारलं का नाहीस? तवापासून मी भर मीटिंगमध्ये उभं राहून म्हणायला लागले, मला कळलं न्हाई. इथं कॉलेजात मी असं कधीच बोलले नव्हते. एवढंच भेटलं बघा."

"घ्या!" काका म्हणाले. "सेमिस्टरभर पुण्याला राहून कळत न्हाई म्हणायला शिकली!" लोक खो खो हसले. काकांनी संस्कृतीला हात केला. "चल उठ. इथलंच कॉलेज बरं हाय."

संस्कृती उठली, पण दाराकडं गेली नाही. आयुष्यात तिनं काकांना उलटून एक शब्द विचारला नसेल.

"पप्पा, मला कळलं न्हाई," ती म्हणाली. "ताईला नोकरी लागली न्हाई, तर मी शिकायचं कावून न्हाई?"

काकांनी गळ्यातल्या रुमालानं मान पुसली. प्रवीणदादाकडं पाहिलं, पप्पांकडं पाहिलं. कुणीच मदतीला येईना.

"जा बाई तू," शेवटी ते म्हणाले. "पण कावून धाडतोय ते मला इचारू नको. मला बी कळंना झालंय."

ती माझ्या गळ्यात पडली आणि दोघी भोकाड पसरून रडलो. दगडाबाई आज्जींनी टाळ्या वाजवल्या. या वेळी कशासाठी, कुणास ठाऊक.

घरी जाताना पप्पा माझ्या पुढं चार पावलं चालत होते. मला वाटलं, आता यांची नगरात मान खाली गेली, महिनाभर माझ्याशी बोलायचे नाहीत. पुण्यात असताना रोज फोन यायचा. जेवलीस का, झोपलीस का, संपलं. कामाचं त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. बोळाच्या तोंडाशी ते थांबले आणि वळले.

"आमू, उतार उलटा दिला म्हंजी नेमकं काय केलंस गं? मला कळलं न्हाई."

मी तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि बोटानं राखेत पाइप काढून त्यांना दाखवायला लागले.