तळाशी डोळा असलेलं भांडं

१९७४ सालची गोष्ट. त्या वसंतात आमचे, म्हणजे फ्रान्सचे, राष्ट्राध्यक्ष वारले, मे महिन्यात नवे निवडून आले आणि जूनमध्ये माझ्या जिल्बेर्त आत्याचं लग्न ठरलं. पहिल्या दोन बातम्या आमच्या गावात दोन-दोन दिवस चालल्या. तिसरी महिनाभर पुरली.

आत्या तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. नवरदेव साठीचे, विधुर, नाव आल्सीद, धंदा गाद्या पिंजण्याचा. दर वसंतात ते आमच्या अंगणात यायचे, गाद्या उसवायचे, लोकर पिंजायचे आणि शेवटी आत्याशी मजुरीवरून भांडायचे. अकरा वर्षं हे चाललं. बाराव्या वर्षी ते म्हणाले, "जिल्बेर्तबाई, तुमच्याशी घासाघीस करण्यापेक्षा लग्न केलेलं मला स्वस्त पडेल." आत्यानं दोन दिवस मागून घेतले, कारण पहिल्याच बोलीला हो म्हणणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

ही तत्त्वं तिनं जुन्या बाजारात कमावली होती. आमच्या आव्हेरोंच्या डोंगरात उन्हाळ्यातले रविवार दोनच ठिकाणी जातात, चर्चमध्ये नाहीतर जुन्या बाजारात. आत्या म्हणायची, दोन्हीकडे मेलेल्यांच्या नावावरच धंदा चालतो, पण बाजारात निदान हातात काहीतरी पडतं. आमच्या घरातली एकही वस्तू आमच्यासाठी घडवलेली नव्हती. मी झोपायची ती चादर कुणा नवरीच्या रुखवतातली, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तिची आद्याक्षरं भरलेली. ताटं पाच घरांची, काटे सात घरांचे. गोगलगायी खायच्या बशा डझनभर होत्या आणि गोगलगायी आमच्यात कुणालाच आवडत नव्हत्या.

आता त्या भांड्याबद्दल सांगते. आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावची तरुण मंडळी नवरा-नवरीच्या खोलीत धडक मारून घुसतात. हातात भांडं असतं, रात्री बाहेर जायला नको म्हणून पलंगाखाली ठेवतात ते, एक कान असलेलं, चिनीमातीचं. मात्र त्यात पांढरी वाईन, वितळवलेलं चॉकलेट आणि भिजून फुगलेली बिस्किटं असतात. ते कसं दिसतं हे मी लिहीत नाही. तसं दिसावं म्हणूनच करतात. नवरा-नवरीनं पलंगावर बसून, सगळ्यांदेखत ते संपवायचं. संपलं की तळाशी रंगवलेला मोठा डोळा वर बघत असतो आणि सगळी खोली आरडाओरडा करते.

तीस वर्षं हे भांडं आत्याच वाहत होती. लग्न कुणाचंही असो, चॉकलेट वितळवायला आत्या, जिना चढताना पुढे आत्या, दार बडवायला आत्या. पलंगावर मात्र दरवेळी दुसरंच कुणीतरी बसलेलं.

गावाचं ते भांडं आदल्या वर्षी एका दारुड्यानं जिन्यात फोडलं. तेव्हापासून तरुण मंडळी प्लास्टिकची बादली वापरायला लागली होती. तिच्या तळाशी अर्थातच काहीही नव्हतं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात मी खाटकाच्या दुकानात उभी होते. खाटकाचा मुलगा रोजे या तरुण मंडळींचा म्होरक्या. तो मला म्हणाला, "सोलांज, तुझ्या आत्याकडे आम्ही काही बादली घेऊन येत नाही हं. या वयात झोप मोलाची. भांडं त्यांना रात्री लागेलच म्हणा, पण दुसऱ्या कामाला."

दुकान हसलं. माझ्या मागे आत्या उभी होती हे रोजेला दिसलं नव्हतं.

"अर्धा किलो सॉसेज दे," आत्या म्हणाली, "आणि अंगठा तराजूवरून काढ."

घरी येताना ती एवढ्या झपाझप चालली की मला धाप लागली. फाटकापाशी पोचल्यावर म्हणाली, "रविवारी बाजारात जायचंय. मला जिरॅनियम लावायला भांडं हवंय."

"कसलं भांडं?"

"कान असलेलं."

जिरॅनियमला कान कशाला, हे मी विचारलं नाही.

तालुक्याच्या गावी आम्ही पहाटेच पोचलो, हातात टॉर्च. खरी गिऱ्हाइकं उजाडायच्या आत येतात, उजाडल्यावर पॅरिसवाले. आत्याचे नियम ठरलेले होते. जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारची वस्तू उचलायची आणि तिला नावं ठेवायची. भाव ऐकला की पाठ फिरवायची. विकणारा हाक मारतोच.

फाजोल नावाच्या विक्रेत्याच्या सतरंजीवर, पितळी दिव्यांच्या मागे, ते मला आधी दिसलं. पांढरं, निळ्या काठाचं, तळाशी पापण्यांसकट डोळा. आत्यानं कॉफीची चक्की उचलली.

"फाजोल, ही कुणाच्या थडग्यातून काढलीस?"

"तुमच्याच रुखवतासाठी ठेवलीय, कुमारी जिल्बेर्त." हा मेला तिला मुद्दाम कुमारी म्हणायचा.

"आणि ते मागचं? तळाला तडा गेलाय वाटतं."

"तडा नाही, डोळा आहे. मघापासून तुमच्याकडेच बघतोय. चाळीस फ्रँक."

"चाळीस? यावर बसलं कोण होतं, राजा?"

"बसलेला कुणीही असो, चाळीस."

"बारा."

"बाराला त्याचा कान देतो."

आत्यानं चक्की ठेवली आणि पाठ फिरवली. "मागे बघू नकोस," ती मला पुटपुटली. "आता हाक मारील." आम्ही घोड्यांच्या पट्ट्यांपर्यंत गेलो, मुरांब्याच्या तांब्याच्या पातेल्यांपर्यंत गेलो. हाक आली नाही. "दुपारी," आत्या म्हणाली. "उन्हानं त्याची मस्ती उतरते."

दुपारी फाजोल पाव आणि सॉसेज खात बसला होता. पितळी दिव्यांच्या मागे सतरंजी रिकामी.

"विकलं," तो म्हणाला. "पॅरिसची बाई. साठ सांगितले, साठ दिले. घासाघीस कशी करतात तेही बिचारीला ठाऊक नव्हतं."

आत्या तिथल्याच एका खुर्चीवर बसली. खुर्ची विकाऊ होती, एक पाय आखूड. फाजोल काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं पाव तोंडात कोंबला. ती मला म्हणाली, "पोरी, मला चाळीस देता येत नव्हते का गं?"

"येत होते."

"त्या मेल्यांच्या बादलीलाही मी पात्र नाही, आणि हे समोर आलं तर मी बारा म्हणाले." मग ती उठली. "कुठल्या बाजूला गेली ती बाई?"

नदीकाठी पॉप्लरच्या झाडाखाली चादर अंथरलेली होती. नवरा, ऑलिव्हिए, अंडं सोलत होता. बाईचं नाव, नंतर कळलं, मादाम रोशब्रुन. पांढरी पँट, डोक्यावर शेतकरी घालत नाहीत तसली शेतकऱ्याची टोपी. चादरीच्या मधोमध ते भांडं होतं आणि त्यात टोमॅटोचं सॅलड. दोन फोडींच्या मधून डोळा बघत होता.

"बाई," आत्या म्हणाली, "हे भांडं मला विका."

"हे? छे! किती अस्सल आहे! ऑलिव्हिए म्हणतो, हा देवाचा डोळा. जुन्या चर्चमधलं असणार, बाप्तिस्म्याचं."

"देवाचा असेलही. पण तो जिथून वर बघतो तिथून देवानं बघू नये."

"म्हणजे?"

"म्हणजे हे मुतायचं भांडं आहे."

ऑलिव्हिएनं काटा खाली ठेवला. आत्याला वाटलं, काम झालं. पण मादाम रोशब्रुननं आनंदानं टाळ्या वाजवल्या. "ऑलिव्हिए, ऐकलंस? मुतायचं! आता तर मी मुळीच देणार नाही. आपले मित्र वेडे होतील!"

आत्याची सगळी तत्त्वं तिथे संपली. बाजूला नावं ठेवायला दुसरी वस्तू नव्हती. पाठ फिरवली तर हाक मारणारं कुणी नव्हतं. तिनं एप्रनला हात पुसले आणि जे ती मलाही बोलली नव्हती ते त्या परक्या बाईला सांगितलं. शनिवारी लग्न आहे. मी एक्कावन्न वर्षांची आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पलंगापाशी हे घेऊन गेले. माझ्या पलंगापाशी कुणी येणार नाही म्हणतात. आलं तर बादली नको. "मला हे हवंय," ती म्हणाली. "फार हवंय." विकणाऱ्यासमोर असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मादाम रोशब्रुनच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑलिव्हिए व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "ऐंशी."

आत्यानं पर्स उघडली आणि चकार शब्द न काढता ऐंशी फ्रँक दिले.

"लाज वाटते का?" मादाम रोशब्रुन नवऱ्यावर ओरडली. मग आत्याकडे वळून म्हणाली, "मी आले तर चालेल?"

"रविवारी पहाटे पाच. उंच टाचा नकोत, जिना अरुंद आहे."

सॅलड त्या दोघांनी पुन्हा तोंडात घातलं नाही. ते आत्यानं खाल्लं. टाकून देणं तिला जमायचं नाही.

गाडीत तिनं भांडं माझ्या मांडीवर ठेवलं. "मला यातलं काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "नवरीला ठाऊक नसतं."

म्हणजे राहिलेलं काम माझं. सोमवारी मी ते भांडं खाटकाच्या दुकानात, सॉसेजच्या शेजारी ठेवलं. दुकान भरलेलं होतं.

"रोजे, तुझ्या आईबापाला यासारख्याच भांड्यातून कुणी पाजलं होतं?"

"तुझ्या आत्यानं," रोजेची आई गल्ल्यावरून म्हणाली. "बिस्किटं फार घातली होती."

"मग रविवारी ये. नाहीतर मी आणि पॅरिसची एक बाई मिळून जाऊ, आणि खाटकाच्या पोराला पहाटे उठवत नाही असं गावभर सांगू."

"येतो गं बाई," रोजे म्हणाला. "ते मटणापासून लांब कर आधी."

रविवारी पहाटे रोजेनं सहा जण आणले. मादाम रोशब्रुन आली, टाचांसकट. मी भांडं घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून चपलांचे आवाज ऐकू आले. फाटकातून बायका येत होत्या. गाऊनवर शाली, केसांत पिना, दोघींच्या तोंडात कवळी नाही. गेल्या तीस वर्षांतल्या नवऱ्या. आत्यानं ज्यांची दारं बडवली होती त्या. पुढे रोजेची आई. ही रीत तरुणांची, लग्न झालेल्या बायकांनी यायचं नसतं. रोजे तसं म्हणालाही, तर आईनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि दार स्वतः बडवलं.

दाराला कडी नव्हतीच. आल्सीद खरोखर घोरत होते. आत्या नव्या गाऊनमध्ये, केस विंचरून, ताठ बसली होती. "अगंबाई! कोण हे? काय हा प्रकार!" ती ओरडली. इतका वाईट अभिनय मी पुन्हा पाहिला नाही. मग तिला माझ्यामागच्या बायका दिसल्या, जिन्यापर्यंत उभ्या असलेल्या, आणि तिचा अभिनय थांबला.

आल्सीदांनी दोन घोट घेतले. उरलेलं सगळं आत्या प्यायली, बिस्किटांसकट, आणि भांडं सगळ्यांना तिरकं करून दाखवलं. रोजेची आई सर्वांत मोठ्यानं ओरडली.

आल्सीद १९९१ साली गेले, स्वतःच पिंजलेल्या गादीवर, झोपेत. आत्या शहाऐंशी वर्षं जगली. शेवटच्या आजारात पाद्रीबुवा आले तेव्हा तिनं आधी विचारलं, एकूण किती पापं माफ होतील ते सांगा, मग कबुली देते. फाजोलनं शहरात दुकान काढलं, कोट घातला आणि तोच माल चौपट भावानं विकला. मादाम रोशब्रुननं पुढच्या वर्षी ऑलिव्हिएला सोडलं, आमच्या गावात घर घेतलं आणि मरेपर्यंत बकऱ्या पाळल्या. चीज भिकार व्हायचं, आम्ही सगळे विकत घ्यायचो. ऑलिव्हिएचं काय झालं कुणी विचारलं नाही. रोजेशी मी १९७६ साली लग्न केलं. ते नऊ वर्षं टिकलं. आता तो समोरच्या वृद्धाश्रमात राहतो आणि दर गुरुवारी माझ्याकडे जेवायला येतो. नवरा म्हणून होता त्यापेक्षा पाहुणा म्हणून बरा आहे.