चौथ्या पायरीवरचं कुंकू

मी शिडी बोलतेय. लोखंडाची, सात पायऱ्यांची, घडी घालून भिंतीला टेकवता येणारी. आवाज खरखरीत वाटला तर वाटू द्या. चौदा वर्षं भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या एका साडीच्या दुकानात मी तोंड मिटून उभी होते. त्या गप्प राहण्याचा कोणाला फायदा झाला ते मी पाहिलंय. म्हणून आता बोलणार, आणि कोणाची भीड न ठेवता बोलणार.

माझा जन्म गोविंदपुऱ्यातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. नीळकंठ मिस्त्रींनी मला घडवलं. माणूस अमरावतीकडचा, तिरसट, पण हाताने पक्का. वेल्डिंगचा शेवटचा टाका घातल्यावर ते स्वतः माझ्या सातव्या पायरीवर चढले आणि तिथे दोनदा पाय आपटून बघितले. मग मला न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "माल पक्का आहे. फक्त वर्षातून एकदा आणून टाके दाखवत जा. लोखंड असलं तरी थकतं हो."

गिऱ्हाईक हसलं. "अहो मिस्त्री, शिडीला पण डॉक्टर लावायचा का?"

हे गिऱ्हाईक म्हणजे विश्वनाथराव, 'वैजयंती साडीघर'चे मालक. आईच्या नावाने काढलेलं दुकान. त्या चौदा वर्षांत त्यांनी मला एकदाही गोविंदपुऱ्याला नेलं नाही.

दुकान मात्र छान होतं, खोटं कशाला बोलू? कारखान्यातल्या, सरकारी कचेऱ्यांतल्या मराठी घरांमधलं लग्न असो की मुंज, साड्या आमच्याकडूनच जायच्या. चंदेरी, महेश्वरी, पैठणी खाली, आणि रोज न लागणारा माल अगदी वर, छताला टेकलेल्या फळीवर. तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात पोचत नसे. त्याचा मला गर्व होता.

विश्वनाथरावांना सगळे काका म्हणत. "इथे कोणी नोकर नाही, आपण सगळे घरचे," हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणी नेमणुकीचं पत्र मागितलं, तर ते पाठीवर हात ठेवून विचारत, "घरच्या माणसाला कागद कशाला?" मागणाराच ओशाळायचा. उभं राहून पाय सुजले तरी घरच्या माणसाला दुकानात बसायची परवानगी नव्हती, हे वेगळं. खुर्च्या गिऱ्हाइकांसाठी होत्या.

दहा वर्षांपूर्वी मंजूषाताई कामाला आल्या. आनंद नगरला राहायच्या. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी नागपूरहून इकडे आलेले. आता घरी त्या आणि मुलगी स्वरदा, दोघीच. दुकानाची निळी साडी, खांद्यावर नावाची पट्टी, आणि चपला दाराशी काढलेल्या. माझ्यावर चढण्याआधी त्या माझ्या दांडीवर हात ठेवून हळूच म्हणायच्या, "येऊ का गं?" दुसरं कोणी विचारत नसे. सगळे धाडकन पाय टाकायचे. त्यांच्या पायांचं वजन मला ओळखू यायचं.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या चौथ्या पायरीचा डावा टाका सुटला. दत्तूने ते पाहिलं. दत्तू म्हणजे दुकानातला सगळ्यात जुना सेल्समन; बावीस वर्षं नोकरी आणि बावीस वर्षं "हो काका".

"काका, शिडीची चौथी पायरी हलतेय. मिस्त्रीकडे नेऊ का?"

"अरे, आता सीझन सुरू होतोय. ही गेली तर दोन दिवस वरचा माल काढणार कसा? दिवाळी होऊन जाऊ दे. तोवर बांध काहीतरी."

दत्तूने साड्यांच्या गठ्ठ्याची सुतळी आणली आणि पायरी दांडीला आवळून बांधली. अकरा वेढे. बिचाऱ्याने गाठ चांगली मारली होती. पण ज्याला टाका हवा त्याला सुतळी किती दिवस पुरणार?

मग खंडेनवमी आली. हा आमच्याकडचा मोठा दिवस. दुकानातली सगळी अवजारं धुऊनपुसून मांडायची: कात्री, मीटरपट्टी, बिलाचं मशीन, आणि मागे मी, झेंडूची माळ घालून. काका दरवर्षी स्वतः कुंकू लावत. त्या दिवशी ते माझ्यापाशी आले, चौथ्या पायरीवरच्या सुतळीकडे बघितलं, आणि बोट कुंकवात बुडवून नेमकं त्या सुतळीवर टेकवलं. म्हणाले, "बाई गं, एवढी दिवाळी निभावून ने."

मला नमस्कार केला त्यांनी! मला नमस्कार नको होता, वेल्डिंग हवं होतं.

कुंकू लावतानाच फोटो निघाला होता. पुढे अवजारं, मागे ओळीने सगळी माणसं. फोटो काकांनीच दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपला परिवार, आपली अवजारं.'

त्यानंतर बाराव्या दिवशी, भर दुपारी, दुकान गच्च भरलेलं असताना एका बाईंनी वरच्या जांभळ्या साडीकडे बोट दाखवलं. "वो बैंगनी वाली दिखाइए ना, सबसे ऊपर।"

मंजूषाताईंनी माझ्या दांडीवर हात ठेवला. "येऊ का गं?"

नको म्हणायला मला तोंड नव्हतं. त्या वर चढल्या, सहा साड्यांची चळत काखेत घेतली आणि उतरू लागल्या. चौथ्या पायरीवर पाय पडला तशी सुतळी सरकली, पायरी फिरली, आणि त्या डाव्या अंगावर फरशीवर आपटल्या. मी त्यांना धरू शकले नाही. ती गोष्ट मला आजही सहन होत नाही.

गिऱ्हाईक बाई घाबरून म्हणाल्या, "अरे, रहने दो, रहने दो बैंगनी वाली." आणि निघून गेल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. काकांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, पहिल्या दिवसाचं बिलही भरलं. सगळे म्हणाले, केवढा देवमाणूस! त्या देवमाणसाने भरतीच्या कागदावर काय लिहवून घेतलं ते नंतर कळलं. 'घर पर गिरीं.' घरी पडल्या. मंजूषाताईंना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "उगाच पोलिसांची भानगड नको, ताई. मी आहे ना." वेदनेने कळवळत असताना ताईंनी मान हलवली. काकांचा शब्द कसा मोडायचा? नऊ वर्षं भीड धरली होती, ती त्या क्षणी तरी कशी सुटणार?

दिवाळीला काकांनी एक साडी आणि चकल्यांचा डबा पाठवला. त्यानंतर काहीच नाही. ना पगार, ना फोन. जानेवारीत स्वरदा दुकानात आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी, आईसारखी सोशिक नाही. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते.

"काका, आईला दुसरं ऑपरेशन सांगितलंय. काम करताना लागलं तर भरपाई मालकाने द्यायची असते, कायदा आहे."

"अगं बेटा, मालक काय आणि कायदा काय! मंजू आमच्या घरचीच. सीझनला मदतीला यायची."

"नऊ वर्षांचा सीझन?"

"आणि ती तर घरी पडली ना. कागदावर आहे तसं."

"घरी? काका, हमारे घर में तो सीढ़ी ही नहीं है!"

स्वरदाने श्रम कार्यालयात अर्ज दिला. नोटीस आली त्या सकाळी काकांनी मला प्रथमच नीट निरखलं, आणि दत्तूला बोलावलं. "ही भंगारात घालून ये. आजच."

दत्तूने मला लोडिंग ऑटोत आडवं टाकलं. मला वाटलं, संपलं. एकदा भट्टीत गेले की चौथी पायरी कुठली आणि सुतळी कुठली! पण ऑटो भंगारवाल्यांच्या गल्लीपाशी थांबलाच नाही. रायसेन रोडने तो सरळ आनंद नगरला गेला.

मंजूषाताई वॉकर धरून दारात आल्या. दत्तू घामाघूम झाला होता.

"ताई, सुतळी मी बांधली होती. ती सोडवलेली नाही, अजून तशीच आहे. भंगाराचे पैसे मी माझ्याच खिशातून गल्ल्यात टाकीन. ही तुमच्याकडे ठेवा."

"दत्तूभाऊ, तुमची नोकरी जाईल."

"जाईलच. पण तुम्ही पडलात तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही. आता मला रोज ती पायरी दिसते."

ताई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, त्या माझ्याकडे बघणारही नाहीत. माझ्यावरूनच तर पडल्या होत्या. पण त्यांनी माझ्या दांडीवर हात ठेवला. "तुझी काय चूक गं," म्हणाल्या. मी लोखंडाची असून मला गलबलून आलं.

पुढे दोन महिन्यांनी निरोप आला. काका भरपाईतला काही भाग द्यायला तयार होते. ताईंनी अर्ज मागे घ्यायचा, घरचं प्रकरण घरात मिटवायचं. रक्कम ऐकून स्वरदाने आईकडे बघितलं, कारण ऑपरेशन त्यात भागलं असतं. ताई म्हणाल्या, "पैसे हवेतच. पण आधी त्यांनी लिहून द्यावं, की मंजूषा आमच्याकडे नोकरीला होती आणि नोकरीत पडली. मदतीला आलेली बाई म्हणून मी एक रुपया घेणार नाही." त्या माउलीच्या तोंडून एवढं ठाम वाक्य मी नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. काकांनी लिहून दिलं नाही.

सुनावणीला मला नेलं. श्रम कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. दत्तू आणि स्वरदाने मला जिन्यावरून वर चढवलं. शिडीला जिना चढवून नेतात, ही गंमत मी त्या दिवशी पाहिली.

मला बघून काकांचा चेहरा उतरला, तो मला फार आवडला. त्यांचे वकील सावरून म्हणाले, "मॅडम, सीढ़ी ठीक थी। बाद में किसी ने रस्सी बाँध दी होगी, केस बनाने के लिए।"

स्वरदाने आईचा मोबाईल पुढे केला. खंडेनवमीचा फोटो. अधिकारी बाईंनी तो मोठा करून पाहिला. झेंडूच्या माळेमागे सुतळीचे वेढे दिसत होते, आणि त्यांच्यावर टेकलेलं काकांचं बोट. मग त्या उठून माझ्यापाशी आल्या आणि वाकल्या. सुतळीवर तो डाग होता, वाळलेला, तांबडा.

"ये कुमकुम आपने लगाया है?"

काकांनी मान खाली घातली. मग नेहमीचं वाक्य आठवलं त्यांना. "मॅडम, पूजा में तो सब घर के ही लोग आते हैं।"

बाई पुन्हा फोटोकडे वळल्या. मागच्या ओळीत मंजूषाताई, निळी साडी, खांद्यावर पट्टी.

"घर के लोग नाम की पट्टी लगाकर पूजा में खड़े होते हैं?"

मग दत्तूने साक्ष दिली. प्रत्येक शब्द पूर्ण बोलला तो. दुसऱ्या दिवशी त्याला दुकानातून काढलं. आता तो आनंद नगरच्याच एका किराणा दुकानात आहे, आणि तिथल्या मालकाकडून त्याने पहिल्याच दिवशी नेमणुकीचा कागद मागून घेतला.

निकाल भाद्रपदात लागला. स्वरदाने आईला तो मराठीत समजावून सांगितला. भरपाईचा आकडा पुढे होता, पण ताईंनी तिला पहिलंच वाक्य तीनदा वाचायला लावलं: अर्जदार ही सदर दुकानातील कर्मचारी होती व कामावर असताना तिला इजा झाली. तिसऱ्या वेळी त्या रडल्या. काकांनी वर अपील केलंय. करोत. अपिलासाठी पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते, ती त्यांनी दात-ओठ खात भरली. मला जपून ठेवायला सांगितलंय, म्हणून मी ताईंच्या दाराआड उभी आहे.

दत्तूकडून ऐकून नीळकंठ मिस्त्री परवा येऊन गेले. आता म्हातारे झालेत. सुटलेल्या टाक्यावर बोट फिरवून म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम होतं हे." मला दुरुस्त करून द्यायला निघाले होते, फुकट. मीच नको म्हटलं, म्हणजे ताईंनी म्हटलं, पण माझ्या मनातलं. मला नीट व्हायची घाई नाही. जोवर हा दावा उभा आहे तोवर मी मोडकीच उभी राहणार.

आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुम्ही दुकानात जाल, वरच्या फळीकडे बोट दाखवाल. जरूर दाखवा, माल बघायलाच गेलात. पण बोट वर जाण्याआधी एकदा खाली बघा, चढणारी बाई कशावर पाय ठेवतेय ते. आणि तुम्हाला कोणी घरचं म्हणालं, तर हसून म्हणा, बरं झालं, मग लिहून द्यायला काय हरकत आहे?

काल पुन्हा खंडेनवमी झाली. ताईंनी दाराआडून मला बाहेर काढायला लावलं, ओल्या फडक्याने पुसलं. शेजारी त्यांचा वॉकर ठेवला, त्यालाही माळ घातली. स्वरदा कुंकवाचा करंडा घेऊन एकेका पायरीला बोट लावत गेली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या पायरीपाशी ताईंनी तिचा हात धरला.

"तिथे नको लावू," त्या म्हणाल्या. "तिथलं काकांनी लावलंय. ते तसंच राहू दे."